द्विरुक्ती वगळून

"साहेब, तुमी पुन्हा?"

"मी पुन्हा नाही, बाई. तुम्ही पुन्हा."

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, रबराच्या एका कारखान्यात, द्वारकाबाई लोंढे आणि मी एकमेकांकडे असे बघत होतो. सोमवारी मी तिला शेजारच्या कारखान्यात पाहिलं होतं. तिचं नाव, वय, गाव आणि काम लिहून घेतलं होतं. आता तीच बाई, त्याच हिरव्या लुगड्यात, हातात तीच छोटी वाकडी कात्री घेऊन वेगळ्या पाटीच्या कारखान्यात बसली होती. साच्यातून निघालेल्या रबराच्या वाशरभोवती एक पातळ झालर राहते, ती कापायचं काम ती करत असे. दिवसाला दोनअडीच हजार वाशर ती कापायची आणि तेही माझ्याकडे बघत, बोलत. कात्री थांबत नव्हती.

"अहो, परवा तुम्ही पलीकडच्या शेडमध्ये होतात ना?"

"व्हय. सोमवार-मंगळवार एक नंबर. बुधवार-गुरुवार हितं दोन नंबर. शुक्रवार-शनवार तीन नंबर. वारानं देव असत्यात, तसं आमचं शेड."

"आणि मालक?"

"मालक एकच की, नलावडेसाहेब. पाट्या तीन हायेत. एक त्यांची, एक बाईसाहेबांची, एक मेव्हण्याची. त्या मागल्या भितीला भगदाड पाडलंय बघा, तिथनं येतो जातो आम्ही. फाटकावरनं गेलं तर वॉचमन नाव लिहितो."

"पण असं फिरवतात कशाला?"

तिने कात्री न थांबवता सांगितलं, "ठेकेदार म्हनतो, एका जागी लई दिवस भरले की सरकारला तरास होतो."

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो. एका कारखान्यात वर्षाला दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला काढताना कायदा आडवा येतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तिला ते ठाऊक नसावं, असं मला वाटलं. ते माझं चुकलं.

"साहेब," तिने जरा हळू आवाजात विचारलं, "ह्या तुमच्या यादीनं परमनंट करत्यात का?"

"नाही हो. ही नुसती मोजणी आहे."

"मंग कशाला लिहिता?"

"नोंद राहते. सरकारी नोंद. अकरा वर्षं तुम्ही काम करताय, हे कुठेतरी लिहिलेलं असावं ना?"

"आत्तापोवतर कुटंच न्हाई लिवलेलं," ती म्हणाली. "ल्ह्या मंग. नीट ल्ह्या. द्वारका सखाराम लोंढे." आणि मी दुसऱ्यांदा लिहून घेतलं. शुक्रवारी तिसऱ्या शेडमध्ये तिसऱ्यांदा लिहिलं. तेव्हा तिने मला नाव सांगितलंसुद्धा नाही. "हायेच तुमच्याकडं," म्हणाली.

मी तेव्हा सांख्यिकी खात्यात अन्वेषक होतो. अन्वेषक म्हटलं की लोकांना वाटायचं, हा खून-दरोड्यांचा तपास करतो. मी माणसं मोजायचो. त्या वर्षी वरून आदेश आला होता की राज्यातल्या रबर आणि प्लास्टिक उद्योगातल्या रोजगाराचे कल यावर एक अहवाल काढायचा. कुणाला हवा होता, कशाला हवा होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या खात्यात अहवाल मागणारा माणूस अहवाल येईपर्यंत बदलून गेलेला असतो. पण चकचकीत कव्हर ठरलेलं होतं, मंत्र्यांचा फोटो ठरलेला होता, आणि पहिल्या वाक्यात 'लक्षणीय' हा शब्द यायचा हेही ठरलेलं होतं. मधले आकडे तेवढे मी गोळा करायचे होते.

मी फार प्रामाणिक होतो. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि ऑफिसात तसं बोललंही जायचं. इतर अन्वेषक कारखान्याच्या केबिनमध्ये बसून आकडा घेऊन यायचे. मी शेडमध्ये जायचो, डोकी मोजायचो, नावं लिहायचो. या सवयीचा मला इतका माज होता की आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

तिन्ही कारखान्यांनी सरकारला दिलेल्या कामगारांच्या याद्या मी आणलेल्या होत्याच. शनिवारी त्या शेजारी शेजारी मांडल्या. झालर कापणाऱ्या, वाशर मोजून पिशव्या भरणाऱ्या एक्केचाळीस बायका तिन्ही याद्यांत होत्या. रोजगार दिला की सरकारी सवलत मिळायची, म्हणून नलावडेंनी प्रत्येक बाई तीन वेळा दाखवली होती. राबवताना एक बाई, दाखवताना तीन.

सोमवारी मी आमचे उपसंचालक पारनाईक यांच्यासमोर याद्या ठेवल्या.

"साहेब, नावं एकशे तेवीस. माणसं एक्केचाळीस."

पारनाईकसाहेबांनी चष्मा वर केला. त्यांना आकडे आवडायचे, मात्र स्वच्छ असलेले. "कुलथे, तुम्ही हिरा आहात."

"याद्या दुरुस्त करू का?"

"छे छे. कारखान्याच्या यादीत आपण हात घालायचा नाही. नियम आहे. दुरुस्ती त्यांनीच करायची. तुम्ही पत्र लिहा. तिन्ही आस्थापनांना वेगवेगळं. कागदावर तीन आहेत ना त्या?"

मी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा करायला मला अर्धा दिवस लागला, आणि तो मला आजही पाठ आहे: 'आपण सादर केलेल्या यादीतील, सोबत जोडलेली एक्केचाळीस नावे अन्य आस्थापनेच्या यादीतही आढळून आली आहेत. तरी द्विरुक्ती वगळून सुधारित यादी तात्काळ सादर करावी.' पारनाईकसाहेबांनी त्यात 'तात्काळ'च्या जागी 'विनाविलंब' केलं आणि सही ठोकली. एकच मजकूर, तीन पाकिटं.

नलावडेंकडून कुठल्याही पत्राला तीन महिन्यांच्या आत कधी उत्तर यायचं नाही. या वेळी पंधरा दिवसांत तिन्ही सुधारित याद्या आल्या. मला वाटलं, माझ्या पत्राचा धसका घेतला. ऑफिसात तेव्हा नुकताच संगणक आलेला होता. त्यात तिन्ही याद्या भरून मी विचारलं, एकही नाव दोनदा आहे का? संगणक म्हणाला, शून्य. मी तीन प्रतींवर 'तपासले, बरोबर आहे' असा शिक्का मारला, सही केली आणि एकेक प्रत कारखान्यांना परत पाठवली. आमच्या जिल्ह्यातला रबराचा रोजगार बराच खाली आला होता. यायलाच हवा होता, तो फुगवलेला होता. किती खाली आला ते मी पाहिलं नाही. मी द्विरुक्ती शोधत होतो आणि ती उरलेली नव्हती.

अहवाल छापून आला. पारनाईकसाहेबांनी आमच्या जिल्ह्यावर एक परिच्छेद लिहिला होता. रबर उद्योगातील अंगमेहनतीचा रोजगार घटत असून यांत्रिकीकरणाकडे लक्षणीय कल दिसतो, असं त्यात होतं. प्रति कामगार उत्पादन जवळजवळ दीडपट झाल्याचा एक सुंदर तक्ताही होता. होणारच. माल तेवढाच आणि कामगार कमी. त्या तक्त्याच्या जोरावर नलावडेंना जिल्ह्याच्या उद्योजक संघाने 'उत्पादकता गौरव' दिला. समारंभाला मीही होतो. नलावडे भाषणात म्हणाले, "आम्ही यंत्राला माणसासारखं जपतो." टाळ्या पडल्या. माणसाला कसं जपतात हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, मी टाळ्या वाजवत होतो.

डिसेंबरात द्वारकाबाई ऑफिसात आली.

आधी मी तिला ओळखलं नाही, कारण ती नुसती उभी होती. तिने काम थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता.

"काय झालं?"

"मिक्सिंगला हात गेला."

रबर मळायला दोन मोठे लोखंडी रूळ असतात, आत फिरणारे. तिथे बायकांना लावत नाहीत. त्या दिवशी माणूस आला नव्हता, म्हणून सुपरवायझरने तिला रबराचा लगदा आत ढकलायला उभं केलं. तीन बोटं गेली. नलावडेंच्या माणसाने तिला सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलं आणि कागदावर लिहून दिलं की घरी दळताना अपघात झाला.

"तीन नंबर शेडला," ती म्हणाली. "शुक्रवार व्हता. आता ते म्हनत्यात, ही बाई आमची न्हाईच. ठेकेदार गावाला पळाला. संगतीच्या बायका साक्षीला येईनात. मी तरी त्यास्नी कशी म्हनू, या म्हनून? साक्ष दिली की दुसऱ्या दिवशी कामाला न्यायच्या टेम्पोत जागा न्हाई. वकील लावलाय. ते म्हनले, एक तरी कागद आना. कुठलाबी, ज्याच्यावर कारखान्याच्या नावाखाली तुमचं नाव आसंल. म्हणलं, कागद हाये. तीन हायेत. कुलथेसाहेबांनी माझ्यादेखत लिवलंय."

मला तेव्हा खरोखर आनंद झाला. माझ्या मोजणीचा कुणाला तरी पहिल्यांदाच उपयोग होणार होता. "बसा," म्हटलं, "आत्ता काढतो." फाईल काढली. तीन नंबरची सुधारित यादी पाहिली. लोंढे नाही. म्हटलं, एक नंबरला ठेवलं असेल. नाही. दोन नंबर. नाही. मी तिन्ही याद्या परत पहिल्यापासून बोट फिरवत वाचल्या. लोंढे नाही आणि त्या एक्केचाळीसांतली दुसरीही कोणी नाही.

मी नलावडेंच्या कारखान्यात फोन लावला. तिन्ही कारखान्यांची कागदपत्रं बघणारा माणूस एकच, निमसे भाऊसाहेब. जुना, सरळ, शिस्तीचा कारकून.

"निमसे, त्या एक्केचाळीस बायका कुठल्या यादीत ठेवल्यात?"

"कुठल्याच नाही. तुमच्या पत्राप्रमाणे."

"माझ्या पत्रात असं कुठे होतं?"

"असं काय करता साहेब? एक नंबरला पत्र आलं, ही नावं दुसरीकडे आहेत, वगळा. वगळली. मग दोन नंबरला पत्र आलं, ही नावं दुसरीकडे आहेत, वगळा. वगळली. तीन नंबरलाही तेच. सरकारी पत्राप्रमाणे तंतोतंत केलं."

"अहो, पण एका ठिकाणी तरी ठेवायची होती ना!"

"कुठल्या ठिकाणी, ते पत्रात नव्हतं," निमसे शांतपणे म्हणाले. "मी साहेबांना विचारलं होतं. नलावडेसाहेब म्हणाले, सरकार सांगतंय तसं करा, आपण सरकारच्या पुढे जायचं नाही. आणि तुम्ही तर तपासून शिक्का मारून पाठवलंत, बरोबर आहे म्हणून."

मी फोन ठेवला. एकही नाव दोनदा नाही, हे मी तपासलं होतं. प्रत्येक नाव एकदा तरी आहे का, हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेडमध्ये जाऊन डोकी मोजणारा मी, एक्केचाळीस डोकी नाहीशी झाली तरी मला पत्ता लागला नव्हता. तो यांत्रिकीकरणाकडचा लक्षणीय कल म्हणजे माझं पत्र होतं.

"घावलं का?" द्वारकाबाईने विचारलं.

मी तिला सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तीनदा हुते, तेच बरं हुतं की," ती म्हणाली.

"जुनी यादी आहे," मी म्हटलं. "पहिली. तिच्यात तुमचं नाव आहे. माझ्या हातच्या नोंदीही आहेत. थांबा जरा."

मी आत गेलो. पारनाईकसाहेबांना सगळं सांगितलं आणि विचारलं, जुन्या यादीची आणि माझ्या नोंदींची प्रत बाईला द्यायची का.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुलथे, एकेका आस्थापनेची माहिती कायद्याने गोपनीय असते. बाहेर द्यायची नाही. शिवाय सुधारित आल्यावर मूळ यादी रद्द. तिला काही अर्थ नाही."

"पण साहेब, बाई खरी आहे."

"बाई खरी आहे हे मी कुठे नाकारतोय?" ते म्हणाले. "पण अहवाल छापलाय. मंत्र्यांच्या हातात दिलाय. उद्या कोणी विचारलं की एक्केचाळीस माणसं गळाली तेव्हा अन्वेषक काय करत होता, तर मी काय सांगू? शिक्का कोणाचा आहे?"

"माझा," मी म्हटलं.

"तुमच्या बढतीचा प्रस्ताव जायचाय पुढच्या महिन्यात," ते म्हणाले आणि पेन उचललं. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. आणि मला बरं वाटलंही.

मी बाहेर येऊन द्वारकाबाईला म्हटलं, "कागद देता येत नाही. नियम आहे."

"बरं," ती म्हणाली. वाद नाही, शिव्या नाहीत. जाताना डाव्या हाताने दार ओढायला तिला जमेना, तेव्हा शिपायाने ओढलं.

जूनमध्ये कामगार न्यायालयात तिच्या अर्जाची सुनावणी होती. मला नलावडेंच्या वकिलांनी साक्षीला बोलावलं होतं. माझ्या आयुष्यातली पहिली साक्ष. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

वकिलांनी माझ्यापुढे एक कागद धरला. तीन नंबर शेडची सुधारित यादी, कारखान्याला पाठवलेली प्रत.

"हा शिक्का तुमच्या कार्यालयाचा?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"तपासून केलीत?"

"हो. तपासून."

"या यादीत द्वारका सखाराम लोंढे हे नाव आहे का?"

"नाही."

"उरलेल्या दोन याद्यांत?"

"नाही."

वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "सरकारने स्वतः तपासलेल्या यादीनुसार ही बाई यांच्याकडे कामालाच नव्हती." आणि बसले. सगळ्या खटल्यात त्यांच्याकडे पुरावा म्हणून एवढंच होतं. माझं काम.

मग द्वारकाबाईचा वकील उठला. काळा कोट उन्हाने तांबूस झालेला, फाईल पातळ. त्याच्याकडे कागद नव्हता, म्हणून त्याने मला साधा प्रश्न विचारला.

"कुलथेसाहेब, मागच्या ऑगस्टात तुम्ही स्वतः त्या शेडमध्ये गेला होतात. ही बाई तिथे काम करताना तुम्ही पाहिलीत की नाही?"

एका अक्षराचं उत्तर होतं. कोर्टात पंखा फिरत होता. द्वारकाबाई मागच्या बाकावर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. आपला माणूस आता सांगणार, असं तिला वाटत होतं.

मी म्हणालो, "शासकीय कामाच्या निमित्ताने मिळालेली माहिती गोपनीय असते. सांगता येणार नाही."

न्यायाधीशांनी मान वर केली. "डोळ्यांनी पाहिलेलंही?"

"नियमाप्रमाणे, हो."

कोणीतरी मागे हसलं. न्यायाधीशांनी मला एक क्षण निरखून पाहिलं. पण त्यांच्यापुढे एका बाजूला शिक्क्याचा कागद होता आणि दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. अर्ज फेटाळला गेला तो त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर.

मी जिन्यापाशी उभा होतो. द्वारकाबाई माझ्याकडे आली. वकील तिला काही समजावत होता, पण ती त्याला सोडून आली. अगदी जवळ उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "साहेब, तुमी मला वळाखलं न्हाई का? म्या द्वारका. वाशरची झालर कापायची ती. हिरवं लुगडं. तुमी पुन्हा पुन्हा आलता बगा."

तिला खरंच तसं वाटत होतं. एखादा माणूस ओळखूनही असं करील, हे तिच्या कल्पनेत बसत नव्हतं. ओळखलं म्हणालो असतो तर कोर्टात का नाही सांगितलंत, असं तिने विचारलं असतं. ओळखलं नाही म्हणायला जीभ रेटेना. ती वाट बघत राहिली.

तेवढ्यात नलावडे जिना उतरून आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला.

"कुलथेसाहेब," ते म्हणाले, "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं सरकारात आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचे कारखाने चालतात."

द्वारकाबाई अजून माझ्या समोरच होती, उत्तराची वाट बघत.

मी म्हणालो, "आभारी आहे."